फोल्डर रिकामे करू नये

संध्याकाळी सहाला दहा कमी असतात तेव्हा माझ्या अंगात काहीही उरलेलं नसतं. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. सकाळी आठला नेरूळच्या घरातून निघायचं, करळ फाट्याशी ट्रेलरच्या रांगेत बस अडकली की बसल्या जागी डुलकी काढायची, न्हावा शेव्याच्या ऑफिसात पोचायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचे कागद बघायचे. आमचं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस. एकवीस वर्षं झाली, पण कंटेनर आतून कसा दिसतो ते मी अजून पाहिलेलं नाही. त्यात काय भरलंय हे मात्र कागदावरून बिनचूक सांगते.

दिवसाचं शेवटचं काम म्हणजे ती काळी खिडकी. दिवसभरात स्कॅन झालेले कागद ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर पाठवायचे. हे काम माउसने, चित्रांवर टिचक्या मारत केलं तर तास जातो आणि मधेच अडकतं, म्हणून ज्या माणसाने हे सगळं बसवून दिलं त्याने मला एक छोटा प्रोग्रॅम शिकवला. त्याला ना बटणं ना चित्रं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं. ओळीत पहिला शब्द प्रोग्रॅमचं नाव, दुसरा शब्द काय करायचं ते, मग कुठून आणि कुठे. तो माणूस एकदाच आला, चहा प्यायला आणि गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, रोज टाइप करायची पण गरज नाही. वरचा बाण दाबा, कालचीच ओळ येते." त्या वरच्या बाणाने माझं पुढे काय केलं ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी मुळात चिडकी. माझ्या आईपासून ऑफिसच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचं यावर एकमत आहे. पण एका माणसावर मी फारशी चिडले नाही, ते म्हणजे आमचे काका. उरणकडचे, मोरा जेट्टीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले. भातशेती आणि मिठागराचा तुकडा बंदरात गेला आणि बदल्यात फिरत फिरत ही नोकरी पदरात पडली. शिक्षण सातवी, अक्षर मात्र छापल्यासारखं. त्यांचं काम कागद. कस्टममधून आणायचे, लावायचे, आणि अलीकडे स्कॅन करायचे. स्कॅनर ते पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि असे शिकले की मी थक्क झाले. प्रत्येक फाइलला नाव एकाच पद्धतीने: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पार्टीचं नाव, मग नंबर. कुणी घाईत उलटसुलट नाव दिलं तर ते दुसऱ्या दिवशी गुपचूप सुधारून ठेवायचे.

"ताय, मी बावीस वर्सात एक कागद हरवला नाय," हे वाक्य ते महिन्यातून एकदा तरी म्हणत. मला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं, पण खोटं ते नव्हतं.

याचा बोलबाला त्यांच्या गावातही होता. गावची एक पत्र्याची हिरवी पेटी त्यांच्या घरात असायची. जमीन संपादनाच्या नोटिसा, प्लॉटची पत्रं, जुने नकाशे, घराघरातले दाखले असं सगळं लोक त्यांच्याकडे आणून द्यायचे. देवळाच्या चाव्या दुसऱ्या कुणाकडे असल्या तरी चालायचं, कागद मात्र काकांकडे. एकदा मी विचारलं, एवढी जोखीम कशाला घेता? ते म्हणाले, "गावान कोनाच्या हातावं तरी भरवसा ठेवला पायजे ना." सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी पुढचं टोचरं बोलणं गिळून टाकलं.

तर त्या काळ्या खिडकीतला दुसरा शब्द. मला शिकवलं होतं ते 'कॉपी'. कॉपी म्हणजे इथे जे नवीन आहे ते वर, क्लाउडवर, टाक, वरचं काही काढू नको. त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जागा भरली की आम्ही जुन्या फाइल्स बिनधास्त पुसायचो. काका सुरुवातीला पुसायला घाबरायचे. माउसवर बोट ठेवून माझ्याकडे बघत बसायचे. मी वैतागून म्हणायची, "काका, एकदा वर गेलं की इथलं गेलं तरी चालतं." हे मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे तेच मला म्हणून दाखवायचे.

कॉपीचा एक त्रास होता. काका नावं सुधारायचे ना, तर चुकीच्या नावाची फाइल आदल्या संध्याकाळीच वर गेलेली असायची आणि सुधारलेली दुसऱ्या संध्याकाळी जायची. वर दोन्ही राहायच्या. जूनमध्ये एका पार्टीने जुना कागद मागितला आणि मी त्यातली चुकीची फाइल पाठवली. साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापलं. साहेब म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नाही, पण आवाज लागला की जिन्यापर्यंत ऐकू जातो. त्या दिवशी मी रागारागाने इंटरनेटवर शोधलं. कॉपीच्या जागी 'सिंक' लिहिलं तर वरचं हुबेहूब इथल्यासारखं होतं. इथे नाव बदललं तर वरची जुन्या नावाची फाइल जाते. आरशासमोरून माणूस उठला की आरशातलाही उठतो, तसं. मी एक शब्द बदलला, एंटर दाबलं आणि वरचा पसारा आवरला गेला. जुन्या फाइल्स त्या वेळी नशिबाने सगळ्या इथेही होत्या, कारण आदल्याच महिन्यात नवीन मोठी डिस्क बसवून वरचं सगळं खाली आणलं होतं, आणि त्यातल्या चुकीच्या नावांच्या फाइल्स काकांनी इथल्या इथे काढल्या होत्या. आता जागेची अडचण नाही, कुणी काही पुसणार नाही, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवसापासून वरचा बाण दाबला की 'सिंक'ची ओळ यायला लागली. काकांना मी हे सांगितलं नाही. मुद्दाम नाही. सांगायला उठून त्यांच्या टेबलापर्यंत जावं लागलं असतं, समजावून द्यावं लागलं असतं, त्यांनी चार प्रश्न विचारले असते, आणि सहा वाजले होते. खरं कारण एवढंच आहे. दमले होते.

आमच्याकडे खंडेनवमीला ऑफिसात पूजा असते. झेंडूची माळ कॉम्प्युटरला, स्कॅनरला, साहेबांच्या गाडीला आणि खाली उभ्या असलेल्या ट्रेलरला. पूजेआधी सगळ्यांनी आपापले ड्रॉवर रिकामे करायचे, पुसायचे, नवीन पेपर अंथरायचा. हा नेम काकांचा. भरलेल्या आणि बरबटलेल्या वस्तूला हळदकुंकू लावायचं नाही, आधी रिकामी करायची, असं त्यांच्या घरी चालत आलेलं. भाताची कणगी, मिठागरावरचं फावडं, होडी, सगळं दसऱ्याला असंच धुऊन-पुसून रिकामं मांडायचे म्हणे. मला तो नेम आवडायचा. वर्षातून एकदा तरी माझ्या ड्रॉवरमधल्या वाळलेल्या लिंबाच्या गोळ्या बाहेर निघायच्या.

त्या वर्षी काकांनी स्कॅनर पुसला, टेबल पुसलं, काचेचा स्प्रे मारून स्क्रीन पुसला. आणि मग, मशीनही आतून साफ असावं म्हणून, त्यांनी स्कॅनच्या फोल्डरमधलं सगळं निवडून पुसलं. सात वर्षांचं. नंतर कचऱ्याचं चित्र असतं तेही रिकामं केलं, कारण पूजेच्या दिवशी केर ठेवत नाहीत. मला सांगितलंही होतं त्यांनी. मी फोनवर होते. ते दारातून म्हणाले, "ताय, मशीन बी साफ केला हां," आणि मी हाताने बरं बरं केलं. मला वाटलं, स्प्रेने.

चार वाजता पूजा झाली. पेढे, नारळाचे तुकडे, साहेबांच्या मोबाइलवर सगळ्यांचा फोटो. साडेपाचला मी कुंकवाचं बोट साडीला लागू नये म्हणून वर धरून, दुसऱ्या हाताने वरचा बाण दाबला आणि एंटर मारलं. एरवी वीस-पंचवीस ओळी येतात आणि काम संपतं. त्या दिवशी ओळी थांबेचनात. भराभर वर पळत होत्या. मी एका डोळ्याने बघितलं आणि म्हटलं, असेल काहीतरी, चालू दे. मॉनिटर बंद केला, पेढ्याचा पुडा पिशवीत टाकला आणि बस पकडली. प्रत्येक ओळीत 'डिलीटेड' असा शब्द होता. इंग्रजी मला येतं. मी वाचलं नाही.

दसऱ्याची सुट्टी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कस्टमकडून एका जुन्या मालाची चौकशी आली, तीन वर्षांपूर्वीचा कागद लगेच हवा होता. मी इथलं फोल्डर उघडलं तर रिकामं. वर बघितलं तर वरही रिकामं. काळी खिडकी उघडून वरचा बाण दाबला, ओळ आली, त्यातला दुसरा शब्द वाचला, आणि काय झालंय ते मला तिथल्या तिथे पूर्ण कळलं. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढे मी स्वतःला बराच काळ वेगळं सांगत होते. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "फोल्डर कोणी रिकामं केलं?" त्यांनी विचारलं.

"मी केला साहेब," काका म्हणाले. उभे राहून, वर्गात मुलगा उभा राहतो तसे. "पूजेला साफ केला. वर हाय ना सगला."

"वर नाही! वर पण नाही! सात वर्षांचं काम आहे काका ते! तुम्हाला कोणी सांगितलं हात लावायला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. दोष द्यायला नाही. मी सांगेन म्हणून बघितलं, की ताईनेच शिकवलंय, वर असतं. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण साहेबांचा आवाज चढत गेला, बावीस वर्षं, वय झालं, आता जमत नाही तर सांगा, असं काहीबाही, आणि मी म्हटलं आधी फाइल्स परत मिळवू, मग शांतपणे सांगू. तो 'मग' मी माझ्या सोयीने आणला होता. आता स्वच्छ कळतंय, तेव्हाही थोडं कळत होतं.

काका खाली बसले. त्यांच्या हातात पुसायचं फडकं होतं. त्याची त्यांनी नीट चौकोनी घडी केली, उलगडली, परत केली.

दुपारपर्यंत मला सापडलं की क्लाउडवालेही पुसलेलं लगेच टाकून देत नाहीत, काही दिवस त्यांच्या कचरापेटीत ठेवतात. तिथे सगळं होतं. जीव भांड्यात पडला. परत आणायला दोन दिवस लागले. मी त्या खिडकीसमोरून उठले नाही, डबाही तिथेच खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा कागद जागेवर आला, आणि साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आज मॅडम नसत्या तर ऑफिसला टाळं लागलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या टाळ्यांनंतर सांगणं म्हणजे दुप्पट कठीण झालं, आणि दर दिवशी अजून थोडं कठीण होत गेलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं. सोडे होते, म्हणजे सुकवलेली कोळंबी; मोऱ्याहून आणलेले, लालसर, मोठे. मी मूळची साताऱ्याची, पण सोड्याची खिचडी मला इथे येऊन लागलेलं व्यसन आहे आणि ते त्यांना माहीत होतं.

"ताय, तुमी नसत्या त माजी अब्रू जेली व्हती," ते म्हणाले. "बावीस वर्साची."

मी "कशाला काका" म्हटलं आणि पुडकं घेतलं. रविवारी खिचडी केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली, याची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात माझ्या मॉनिटरच्या वर एक पुठ्ठा चिकटला. काकांनी स्वतः लिहिलेला, त्या छापल्यासारख्या अक्षरात: 'फोल्डर रिकामे करू नये.' खाली त्यांची सही. सही कशाला, मी विचारलं. म्हणाले, चूक ज्याची त्याची सही पाहिजे, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल की उगाच लिहिलेलं नाही. त्यानंतर त्यांनी फाइल पुसणं सोडाच, नाव सुधारणंही बंद केलं. स्कॅन करायचे आणि मला हाक मारायचे, "ताय, बघा बराबर हाय का." दिवसातून तीस वेळा. मी चिडायची. हो, त्यावरही चिडायची.

फाइल्स परत आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी 'सिंक'चं पुन्हा 'कॉपी' केलं होतं. गुपचूप.

मार्चमध्ये काका रिटायर झाले. शाल, नारळ, समोसे. साहेब माइकशिवायच मोठ्यांदा म्हणाले, "काका, जाताना फोल्डर रिकामं करून जाऊ नका हां!" सगळे हसले. काकाही हसले. मीही हसले. मला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या अक्षराबद्दल बोलले.

नंतरचे महिने मी त्या पुठ्ठ्याखाली बसून रोज संध्याकाळी बाण दाबत राहिले. एखादी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असली की दिसेनाशी होते म्हणतात, माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. मला ती सही रोज दिसायची. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, एवढी का दमतेस, आणि मी म्हणायची बस, ट्रॅफिक, गुडघे.

श्रावणात त्यांच्या गावचा एक ट्रेलरवाला डिलिव्हरीचा कागद न्यायला आला. मी सहज काकांची चौकशी केली. बरे आहेत, म्हणाला. मग म्हणाला, "पन पेटी दिली त्यांनी सोरून. देवलाच्या कमिटीत एक मास्तर हाय, त्याचे घरा नेऊन ठेवली. काका बोल्ले, माज्या हातान आता कागद ऱ्हात नाय. लोकांनी लय समजावला, नाय आयकला."

मी त्याला कागद दिला, सही घेतली. तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मला वाटत होतं की मी एका माणसाला एका सकाळपुरतं बोलणं खायला लावलं. मी त्याच्या घरातून पेटी बाहेर काढली होती.

त्या शनिवारी मी मॉनिटरवरचा पुठ्ठा हळूच सोडवला, पिशवीत घातला आणि रविवारी उरणला गेले.

काकांचं घर आता दोन मजली आहे, वरच्या मजल्यावर बंदरातले भाडेकरू. खाली अंगणात शेड टाकलेली, तिथे ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून परातीतले मोड आलेले वाल सोलत होते. मला बघून इतके आनंदले की उठताना परात सांडता सांडता राहिली. सुनेने चहा आणला. साहेब कसे हाय, स्कॅनर नीट चालतो का, पावसाचं पानी आत येतं का, सगळं विचारून झालं. मी चहा अर्धा ठेवला आणि पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला.

"काका, ही चूक तुमची नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."

मग सगळं सांगितलं. जून महिना, साहेबांचं झापणं, एक शब्द बदलला ते. तुम्ही पुसलंत ते बरोबर होतं, मीच शिकवलं होतं तसं. वरचं मी घालवलं, माझ्या हाताने एंटर मारून, आणि ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. आणि साहेब ओरडत होते तेव्हा मला हे माहीत होतं.

काका वाल सोलत होते. माझं बोलणं चालू असताना थांबले नाहीत. संपल्यावर थांबले.

"कंचा शब्द?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून पेन काढलं आणि पुठ्ठ्याच्या मागे दोन्ही ओळी लिहून दाखवल्या, एकीखाली एक. त्यांनी चष्मा लावला. दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. दुसऱ्या शब्दाशी बोट थांबलं.

"यवराच फरक?"

"एवढाच."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिच्यामागे कुत्रं गेलं. मला वाटलं आता चिडतील, आणि मला ते हवं होतं. चिडणं म्हणजे काय ते मला कळतं, त्याला तोंड कसं द्यायचं तेही कळतं.

"मी वर्सभर इचार करतो," ते शेवटी म्हणाले. "वर हाय बोलून मी पुसला, मंग वरचा जेला कसा? मना वाटला माजा डोका जेला. पेटीन हात घालाया बी भ्या वाटाया लागला. कोनाचा सात-बारा माज्या हातान जेला त काय करू?"

"काका, मी तुमच्या गावात येऊन सांगते. मास्तरांना सांगते. साहेबांनाही सांगते."

"तोंडी नको," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण ऑफिसात मला असा आवाज त्यांनी कधी लावला नव्हता. "लिवून द्या, ताय."

मी पेन पुन्हा उघडलं.

"आमची जमीन जेली तवा तोंडी लय काय काय बोल्ले व्हते. त्यातला कायच हाताला नाय लागला. कागदावं जवरा व्हता तवराच लागला." ते उठले, आतून दोन फुलस्केप कागद आणि खाली धरायला पाट घेऊन आले. "दोन प्रती करा. एक माजी, एक हापिसाची."

मी पाट मांडीवर घेऊन लिहायला बसले. एकवीस वर्षं मी पत्रं लिहिते आहे, पण त्या कागदावर पहिलं वाक्य यायला वेळ लागला. 'फोल्डर रिकामे करण्यात त्यांची काही चूक नव्हती' असं लिहिलं. ओळीतला शब्द मी बदलला, त्यांना सांगितलं नाही, आणि विचारल्यावर गप्प बसले, हेही लिहिलं. काकांनी वाचलं. 'विचारल्यावर' या शब्दाच्या पुढे त्यांनी बोट ठेवलं.

"सगल्यांसमोर," ते म्हणाले.

मी 'विचारल्यावर सगळ्यांसमोर गप्प बसले' असं केलं. दुसरी प्रत लिहिली. त्यांनी दोन्ही शेजारी धरून शब्द न् शब्द ताडून बघितला, तारीख टाकायला लावली, सह्या घेतल्या. मग त्यांची प्रत नीट तिहेरी घडी करून खिशात ठेवली.

"मास्तराला देतो," ते म्हणाले. "पेटीन ठेवाया. गावाचे कागदान ऱ्हाईल."

"पेटी परत आणणार का?"

"बघू. तो बी बरा सांभालतो." ते परत परातीकडे वळले. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पयले सांगितला असता त पेटी घरान असती, ताय."

मी हो म्हटलं. निघताना त्यांनी सोललेले वाल पिशवीत घालून दिले, मी नको नको म्हणत असताना. पुठ्ठा त्यांनी ठेवून घेतला.

सोमवारी मी दुसरी प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, हे आता कशाला? काका गेले पण. फाइल्स आल्या. कोणाच्या लक्षात आहे?"

"काकांच्या आहे," मी म्हटलं. "फाइलला लावायची आहे."

साहेबांनी पेन काढलं. सही केली, तारीख टाकली. मी कागद बाहेर आणून स्कॅन केला आणि नाव दिलं, काका द्यायचे तसं: वर्ष, महिना, दिवस, मग पार्टीच्या नावाच्या जागी काकांचं नाव, मग नंबर एक. सहाला दहा कमी होते, गुडघा ठणकत होता, खाली बसचा हॉर्न ऐकू येत होता. काळी खिडकी उघडली. वरचा बाण दाबला नाही. पूर्ण ओळ हाताने टाइप केली, शेवटी 'आधी नुसतं दाखव, करू नको' असं सांगणारा शब्द जोडला, आणि जे आलं ते सगळं वाचलं. त्या दिवसाच्या तेवीस फाइल्स आणि काकांचं नाव असलेली एक जाणार होती, पुसलं जाणार नव्हतं काहीच. मग तो शब्द काढला आणि एंटर दाबलं.

बस चुकली.